तुकडे पाडण्याआधी

रत्नागिरी,
श्रावण

चि. सोनूस,


तुमच्या डेटाबेसच्या क्वेरी भाषेत मजकूर तोडायची फंक्शनं घालायची ठरलीत आणि ते काम तुझ्याकडे आलंय, असं दादाकडून कळलं. "दोन दिवसांचं काम आहे," असंही तू म्हणालीस म्हणे. कोड दोन दिवसांत होईल, यात मला शंका नाही. स्वल्पविराम दिसला की तोड, पुढे जा, परत दिसला की परत तोड. हे कॉलेजातली पोरंही करतात. पण फंक्शन भाषेत गेलं की ते तुझं एकटीचं राहत नाही. कुणी त्याच्यावर अहवाल बांधतो, कुणी कर्जाची यादी काढतो. पुढे त्याची एखादी वाईट खोड ध्यानात आली तरी बदलता येत नाही, कारण तोवर त्या खोडीवरच कुणाचं तरी काम चालू झालेलं असतं. म्हणून तू विचारलं नसलंस तरी लिहितेय. आत्याला एवढा हक्क असतो.

पहिली गोष्ट. चाचणीसाठी तू 'अ,ब,क' असं काहीतरी घेतलं असशील. त्याने काही सिद्ध होत नाही. चाचणीला इथला, आपल्या जिल्ह्यातला मजकूर घे.

नोकरीत मी आंबा बागायतदारांच्या याद्या सांभाळल्या, तेव्हा मला आधी आठवतं ते सातबाऱ्यावरचं क्षेत्र. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं, मध्ये टिंब देऊन लिहायची पद्धत. ०.१२.५० म्हणजे शून्य हेक्टर, बारा आर, पन्नास चौरस मीटर. एकूण १२५० चौरस मीटर, आपल्या बोलण्यात साडेबारा गुंठ्यांच्या आसपास. टिंबावर तोडायचं, पहिल्या तुकड्याला १०,००० ने गुणायचं, दुसऱ्याला १०० ने, तिसरा तसाच ठेवायचा आणि बेरीज करायची. सरळ आहे. आता त्याच रकान्यात दुसऱ्या कुणी ०.१२५ लिहिलंय. त्याने मनात हेक्टरचा दशांश धरलाय. त्याचीही जमीन १२५० चौरस मीटरच. पण टिंबावर तोडलं की तुकडे दोन, शून्य आणि एकशे पंचवीस, आणि वरचं गणित त्याला १२५ आर, म्हणजे सव्वा हेक्टर बहाल करतं. बरोबर दहापट! कोकणात एका कुटुंबाच्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात. ही बातमी भाऊबंदांत पसरली तर काय होईल ते सांगायला नको. तिसऱ्याने शेवटचं शून्य खाऊन ०.१२.५ लिहिलंय. इथे तुकडे तीनच्या तीन, सगळं शहाण्यासारखं दिसतं, आणि ४५ चौरस मीटर नाहीसे होतात.

तू म्हणशील, आत्या, हा लिहिणाऱ्याचा दोष, यात फंक्शन काय करणार? तिसऱ्याच्या बाबतीत काही करू शकणार नाही, मान्य. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र बरंच काही फंक्शनच्या हातात आहे. ०.१२५ मधला तिसरा तुकडा मागितला तर काय मिळावं? तो तुकडा नाहीच आहे. पोस्टग्रेसचं स्प्लिट_पार्ट रिकामा मजकूर देतं. त्याच पोस्टग्रेसमध्ये स्ट्रिंग_टू_ॲरे वापरून ॲरेचा तिसरा घटक मागितला तर नल मिळतो. एकाच घरात दोन माणसांना दोन उत्तरं. मायएसक्यूएलची तऱ्हा याहून घातक आहे. तिथे स्प्लिट नावाचं फंक्शनच नाही. लोक सबस्ट्रिंग_इंडेक्स एकात एक घालून काम भागवतात. आतलं फंक्शन 'तिसऱ्या टिंबापर्यंतचं दे' म्हणतं, तेवढी टिंबं नसली तर अख्खा मजकूर परत येतो, आणि बाहेरचं त्यातला शेवटचा तुकडा उचलतं. म्हणजे नसलेला तिसरा तुकडा म्हणून तुला परत १२५ मिळतो. ना त्रुटी, ना इशारा. पोस्टग्रेसमध्ये निदान त्या रिकाम्या मजकुराचा आकडा करायला गेलं की क्वेरी अडते. अडणारी क्वेरी परवडली. गोड बोलून चुकीचा आकडा देणारी नको.

माझं मत विचारशील तर जो तुकडा नाही त्यासाठी नल, आणि जो आहे पण ज्यात काही लिहिलेलं नाही त्यासाठी रिकामा मजकूर. '४५/' आणि '४५' यांत फरक आहे. पहिल्यात कुणीतरी सर्व्हे नंबरनंतर हिस्सा लिहायला घेतला आणि अर्धवट सोडला, दुसऱ्यात हिस्सा नव्हताच. तलाठी कार्यालयात जाऊन दुरुस्ती करायची की नाही, हे त्या फरकावर ठरतं. ओरॅकलवाल्यांना हा फरक दाखवताच येत नाही, कारण तिथे रिकामा मजकूर म्हणजेच नल. तुमच्याकडे तशी अडचण नाही, तर तो फरक जप.

आता रिकाम्या मजकुराचं. '' तोडला तर किती तुकडे? हा प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो, पण मोठमोठ्यांनी यात गोंधळ घातलाय. एसक्यूएल सर्व्हरचं स्ट्रिंग_स्प्लिट एक रिकामी रांग देतं. पोस्टग्रेसचं स्ट्रिंग_टू_ॲरे २०११ मधल्या ९.१ आवृत्तीपर्यंत नल देत असे, तेव्हापासून रिकामा ॲरे देतं. पण रेगएक्स्प_स्प्लिट_टू_ॲरे त्याच मजकुराचा एक रिकामा तुकडा देतं. पायथनमध्ये तर कंसात काही न लिहिता तोडलं तर शून्य तुकडे, आणि स्वल्पविराम देऊन तोडलं तर एक. प्रत्येकाकडे कारण आहे, आणि कारणं वाईट नाहीत. यादी रिकामी असेल तर शून्य रांगा याव्यात, असं वाटणं साहजिक आहे.

मी तरीही एका तुकड्याच्या बाजूने आहे. विभाजक जितके, त्याहून एक जास्त तुकडा. शून्य विभाजक, एक तुकडा. या नियमाला अपवाद नाही. शिवाय बागायतदारांची यादी घे. प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्या कलमांच्या जाती स्वल्पविरामाने लिहिल्यात: हापूस, पायरी, रायवळ. एकाच्या रकान्यात काहीच नाही. तू त्या रकान्याचे तुकडे करून मूळ टेबलाशी लॅटरल जोड घातलीस आणि फंक्शनने शून्य रांगा दिल्या, तर तो बागायतदारच यादीतून गायब होतो. त्याला नुकसानभरपाई का मिळाली नाही हे शोधायला तो एसटीने तालुक्याला चार खेपा घालेल, आणि कुणालाही सांगता येणार नाही की कुठल्यातरी जोडणीत तो गळाला. आलेली रिकामी रांग व्हेअर लावून काढता येते. गळलेला माणूस परत आणता येत नाही. मूळ मजकूरच नल असेल तर शून्य रांगा दे; पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर दोघेही तेच करतात, आणि तिथे डावी जोड घालायची हे लोकांना ठाऊक असतं.

लागोपाठचे विभाजकही याच नियमात बसव. 'हापूस,,रायवळ' चे तीन तुकडे, मधला रिकामा. दोन स्वल्पविराम एकत्र धरून दोनच तुकडे द्यायचे, ही दयाळू चलाखी करू नकोस. सीमधलं स्ट्रटॉक तसं करतं आणि रकान्यांच्या मजकुरासाठी ते त्याच कारणाने निरुपयोगी ठरतं: मधला रकाना रिकामा सुटला की पुढचे सगळे एकेक घर सरकतात.

क्रमाबद्दल मात्र जरा जास्त लिहिते, कारण ही चूक एका मोठ्या कंपनीने जगासमोर केली आणि ती निस्तरायला सहा वर्षं लागली.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पर्यंत तोडायचं फंक्शन नव्हतं. लोक वाटेल त्या युक्त्या करत. कुणी लूप चालवी, कुणी एक, दोन, तीन असे आकडे भरलेलं टेबल ठेवून त्याच्याशी जोड घाली, कुणी स्वल्पविरामांच्या जागी एक्सएमएलचे टॅग घालून त्या मजकुराला एक्सएमएल समजून वाची; मग एखाद्या दुकानाच्या नावात '&' आला की सगळं कोसळे. २०१६ च्या आवृत्तीत स्ट्रिंग_स्प्लिट आलं तेव्हा लोकांना हायसं वाटलं. पण ते फक्त तुकडे देई. कितवा तुकडा ते सांगत नसे, आणि रांगा मूळ क्रमाने येतील याची हमीही नव्हती. बहुतेक वेळा त्या क्रमाने येत. 'बहुतेक वेळा' हेच धोक्याचं. लोकांनी रो_नंबर लावून आपापले क्रमांक पाडले, ते चालत राहिले, आणि चालतंय म्हणून कुणी मागे वळून पाहिलं नाही. आपल्या ०.१२.५० मध्ये क्रम गेला तर उरतं काय? बारा हेक्टर की बारा आर, हे तुकड्याच्या जागेवरूनच कळतं. अखेर २०२२ च्या आवृत्तीत तिसरा पर्याय आला: तो सुरू केला की क्रमांकाचा वेगळा रकाना मिळतो. तोही मागितला तरच, कारण जुन्या क्वेऱ्या मोडून चालणार नव्हत्या.

पोस्टग्रेसने हेच वेगळ्या वाटेने सोडवलं. २०१४ च्या ९.४ आवृत्तीत रांगा देणाऱ्या कुठल्याही फंक्शनपुढे 'विथ ऑर्डिनॅलिटी' लिहून क्रमांक घ्यायची सोय केली. तिथे तोडण्याच्या फंक्शनला क्रमाची वेगळी चिंता करावी लागली नाही. तुमच्या भाषेत अशी सर्वसाधारण सोय असेल तर उत्तम. नसेल तर पहिल्याच दिवशी दोन रकाने दे, क्रमांक आणि तुकडा. नको असेल तो क्रमांक घेणार नाही.

शेवटाकडून मोजायची सोयही ठेव. तिची गरज पटवायला आपले पत्ते पुरेत. 'मु. पो. हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी' यात तुकडे तीन. 'मु. पो. मालगुंड, ता. जि. रत्नागिरी' यात दोन, कारण तालुका आणि जिल्हा एकाच नावाचे असले की आपण दोन्ही एकत्रच उरकतो. पुढे वाडीचं नाव लावलं की तिनाचे चार. पुढून मोजलं तर तिसरा तुकडा एकाचा जिल्हा, दुसऱ्याचा तालुका, आणि मालगुंडवाल्याचा काहीच नाही. मागून मोजलं तर शेवटच्या तुकड्यात जिल्हा नक्की सापडतो. मायएसक्यूएलमध्ये ऋण आकडा देऊन मागून मोजता येतं. पोस्टग्रेसच्या स्प्लिट_पार्टला हे २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत जमलं. त्याच आवृत्तीत पावेल स्तेहुले यांनी लिहिलेलं स्ट्रिंग_टू_टेबल आलं, जे ॲरेच्या वळणाने न जाता थेट रांगा देतं. इतकी वर्षं वापरात असलेल्या भाषेत इतक्या उशिरा! यावरून कळेल की हे काम 'बारीकसारीक' म्हणून किती काळ मागे पडत आलंय. एसक्यूएलच्या अधिकृत मानकात तर तुकडे जोडायचं लिस्टॲग २०१६ मध्ये आलं, तोडायचं अजून नाही. म्हणून प्रत्येकाने आपापली पद्धत काढली, आणि म्हणूनच कुणाची नक्कल करायची हे तुला विचार करून ठरवावं लागेल.

विभाजक कसा असावा, याबद्दल दोन आग्रह. एक, तो एकाच अक्षराचा असावा ही अट घालू नकोस. एसक्यूएल सर्व्हरने घातलीय, आणि लोक आधी मजकुरात अदलाबदल करून मग तोडत बसतात. आपल्याकडे नावांच्या यादीत ' व ' असतं, ' उर्फ ' असतं. ते अख्खं देता आलं पाहिजे. दुसरा आग्रह अधिक जोराचा: विभाजक म्हणजे जसाच्या तसा मजकूर की रेगएक्सचा नमुना, हे एकाच फंक्शनमध्ये मिसळू नकोस. जावाचं स्प्लिट विभाजकाला नमुना समजतं. तिथे ०.१२.५० टिंबावर तोडायला गेलीस तर टिंबाचा अर्थ 'कुठलंही अक्षर' असा होतो, सगळंच विभाजक ठरतं, मागचे रिकामे तुकडे ते टाकून देतं, आणि हातात शून्य तुकडे येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर शंका येते. पोस्टग्रेसने दोन्हींना वेगळी नावं दिलीत, तसंच कर. आमच्या सातबाऱ्यांवर ए.कु.मॅ. आणि अ.पा.क. असे शेरे नावांना चिकटलेले असतात, पत्त्यात मु. पो. असतं, टिंबाशिवाय आमचं पान हलत नाही. आमचं टिंब टिंबच राहू दे.

आता आपल्या लिपीबद्दल. इथे तुझ्या टीममध्ये तूच बोलायला हवंस, कारण बाकीच्यांच्या चाचण्या रोमन अक्षरांतच असणार.

काही भाषांत विभाजक रिकामा किंवा नल दिला की मजकुराचं एकेक अक्षर वेगळं होतं. पोस्टग्रेसमध्ये नल देऊन 'रत्नागिरी' तोडून पाहा. नऊ रांगा येतात. तिसऱ्या रांगेत नुसता हलंत, पाचवीत नुसता काना, सातवीत एकटी ऱ्हस्व वेलांटी. संगणकाच्या लेखी ती नऊ चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. आपल्या लेखी अक्षरं चार: र, त्ना, गि, री. युनिकोडच्या नियमांनीही हे मान्य करायला वेळ घेतला. जोडाक्षर अक्षरगटात अखंड धरायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, तोवर त् आणि ना वेगळे पडायचे. तुमची भाषा अक्षरगट ओळखत नसेल तर 'अक्षरं सुटी करा' ही सोयच देऊ नकोस. रिकामा विभाजक आला तर स्पष्ट त्रुटी दे. सुटे काने-मात्रे रांगेत उभे करून कुणाचंच भलं होत नाही.

आणि सारख्या दिसणाऱ्या चिन्हांची एक चाचणी लिही. उभी रेघ आणि आपला दंड पडद्यावर जवळपास सारखे दिसतात, पण दोन वेगळी चिन्हं आहेत. त्याहून जास्त सापडतो तो अपूर्णविरामाच्या जागी टाइप केलेला विसर्ग: 'गाव: मालगुंड' आणि 'गावः मालगुंड'. डोळ्याला फरक कळत नाही, फंक्शनला कळतो, आणि दुसरी ओळ न तुटता तशीच पुढे जाते. हे फंक्शनने ओळखावं असं मी म्हणत नाही. ओळखायला लागलं तर 'दुःख' मधला विसर्ग तोडून बसेल. दस्तऐवजात मात्र हे उदाहरण घाल. तसंच तुकड्यांचे आकडे करणं फंक्शनच्या आत घेऊ नकोस. '१२' हा देवनागरीतला मजकूर पोस्टग्रेस पूर्णांक म्हणून घेत नाही, आधी इंग्रजी आकड्यांत बदलावा लागतो. ते वेगळं काम आहे, वेगळंच राहू दे. कडेच्या मोकळ्या जागा छाटणंही तसंच.

टीममध्ये एखादा जुना जाणता असेलच. तो म्हणेल, एका चौकटीत स्वल्पविरामाने यादी ठेवणं हेच मुळात पाप आहे, रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडने १९७० मध्येच सांगून ठेवलंय, मग असल्या फंक्शनची गरज काय? त्याच्याशी वाद घालू नकोस, तो बरोबर आहे. फक्त मजकूर त्याला विचारून येत नाही. तो मोबाइलच्या फॉर्ममधून येतो, एक्सेलमधून येतो, चाळीस वर्षांपूर्वीच्या रजिस्टरवरून जसाच्या तसा उतरवलेला येतो. तोडायचं फंक्शन हवं ते अशा मजकुराला दारातच सरळ करून नीट टेबलात बसवण्यासाठी. जो माणूस यादी तशीच ठेवतो आणि दर क्वेरीत नव्याने तोडतो, त्याला निर्देशांकाचा फायदा मिळत नाही. शिवाय किती रांगा निघतील याचा ऑप्टिमायझरला नीट अंदाज येत नाही: एसक्यूएल सर्व्हर स्ट्रिंग_स्प्लिटसाठी सरसकट ५० धरतो, तर पोस्टग्रेस रांगा देणाऱ्या फंक्शनसाठी वेगळं सांगितलं नसेल तर १०००. तुमचा ऑप्टिमायझर काय धरणार, हे त्या विभागातल्या माणसाला आत्ताच जाऊन विचार.

ही सगळी उत्तरं कोड लिहायच्या आधी एका पानावर उतरव. रिकामा मजकूर, नल, लागोपाठचे विभाजक, शेवटी आलेला विभाजक, नसलेला तुकडा, शून्य क्रमांकाचा तुकडा, रिकामा विभाजक. प्रत्येकासमोर काय मिळेल ते उदाहरणासकट. तुमच्याकडे अशी पानं फंक्शन झाल्यावर लिहायची पद्धत असेल, बहुतेक ठिकाणी असते. तू आधी लिही. कुणाला एखादं उत्तर पटलं नाही तर भांडण कागदावर होईल, आणि ते स्वस्त पडतं.

सोबत एक फाइल पाठवतेय. नावं-गावं बदललीत, बाकी मजकूर लोक लिहितात तसाच आहे: क्षेत्रं, हिस्से, पत्ते, शेरे. ती तुमच्या चाचण्यांत घालायला माझी हरकत नाही. गणपतीला येशीलच, पण तोवर थांबू नकोस. ते एक पान आधी मला पाठव, कोड नंतर.

तुझी,
आत्या